सात बंदुका, एक आलमारी आणि न फुटलेला फुगा

गेल्या मंडईच्या जत्रेपर्यंत आमच्या घरात सात बंदुका होत्या आणि त्यांपैकी एकीनेही कधी कोणाचं काही वाकडं केलेलं नव्हतं.

हे वाक्य मी जपून लिहितो आहे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात 'बंदूक' हा शब्द उच्चारला की ऐकणारा आधी आजूबाजूला पाहतो आणि मग आवाज खाली आणतो. म्हणून सुरुवातीलाच खुलासा. सातही बंदुका छर्ऱ्याच्या आहेत. आत स्प्रिंग, स्प्रिंगपुढे हवा, हवेपुढे शिशाचा दाणा. त्यांना परवाना लागत नाही. सगळ्यांच्या पावत्या आहेत. (गावच्या पोलीस पाटील वनिताबाईंनी त्या दोनदा तपासल्या आहेत. दुसऱ्यांदा का तपासाव्या लागल्या, ते पुढे येईलच.)

मी चंद्रपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. उपसंपादक आणि संपादक यांतला फरक गावाला मान्य नसल्याने सगळे मला संपादक म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापली. म्हातारपणी स्वतःचं असं काही असावं, म्हणून बंदुका जमवल्या. एक लांबच्या नेमासाठी. एक हलकी, हात भरून येऊ नये म्हणून. एक जड, हात हलू नये म्हणून. एकीचा दस्ता अस्सल शिसवी आहे. एक नागपूरचा दुकानदार दुकान बंद करत होता म्हणून घेतली. एक का घेतली ते आठवत नाही, पण त्या वेळी कारण भक्कम होतं. आणि सातवी वडिलांची. पेरूवरचे पोपट उडवायला त्यांनी ती आणली होती. (पोपट अजून येतात.)

माझा मेव्हणा प्रभाकर वरोऱ्याला कापूस-सोयाबीनचा व्यापार करतो. त्यालाही बंदुकीचा नाद आहे, पण उलट्या बाजूने. त्याच्याकडे बंदूक एकच आणि छर्रे मात्र डब्यांवर डबे. प्रभाकरच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात: माल भरून ठेवणारी आणि नंतर रांगेत उभी राहणारी.

दरवर्षी दिवाळी झाली की तो मंडईसाठी आमच्याकडे येतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धान कापणीला आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दंडारीचं नाचगाणं रंगतं, दुकानं लागतात, आणि प्रत्येक घरात पाहुणे मावेनासे होतात.) चहाचा पहिला घोट गिळला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"भाऊजी, मानसाले हात दोन. मंग सात बंदुका कायले जी?"

"प्रभाकर, तुझ्या ताईकडे साड्या किती आहेत?"

"त्या नेसते ना ते!"

"माह्या साड्या मधात आनू नका!" स्वयंपाकघरातून सुशीला. सुशीला म्हणजे माझी बायको आणि प्रभाकरची मोठी बहीण. या प्रकरणातला सगळ्यात कमी बोलणारा आणि सगळं जिंकणारा पक्ष.

"हे पाहा भाऊजी," प्रभाकरने बशी खाली ठेवली. "बंदूक म्हंजे जातं. जातं घरात एक पुरते. दळाले धान्य पायजे पोतंभर. तुमच्या घरी सात जाती हायेत अन् दळाले मूठभर दाना नाई!"

"छर्रा सुटला की संपला," मी शांतपणे म्हणालो. "बंदूक राहते. संपणाऱ्या वस्तूवर खर्च करणं म्हणजे उधळपट्टी. टिकणाऱ्या वस्तूवर करणं म्हणजे छंद."

"अन् मारता कायनं?"

"मारायची कशाला? नेम धरायचा."

"नेम धरून मंग?"

"मग खाली ठेवायची."

प्रभाकरने बहिणीच्या दिशेने असं पाहिलं, जणू तिला या घरात देताना वडिलांनी चौकशी कमी केली होती.

एरवी ही चर्चा इथेच संपते. गेल्या वर्षी मात्र सुशीला हात पुसत बाहेर आली. तिच्या बचत गटाची जवसाची चटणी तोवर नावारूपाला आली होती. मंडईत दुकान लागणार होतं, आणि नागपूरच्या प्रदर्शनातूनही मागणी आली होती. पाकिटांची पोती मधल्या खोलीत होती. त्याच खोलीत आमची लोखंडी आलमारी. तिच्यासारखी जाड पत्र्याची आलमारी आता मिळत नाही. मुंगी शिरत नाही, मग उंदीर कुठला! तर परिस्थिती अशी होती की आलमारीच्या आत सात बंदुका सुखरूप होत्या, आणि आलमारीच्या बाहेर उंदीर चटणी खात होते.

"काल पुन्हा दोन पोती कुरतडली," सुशीला म्हणाली. "मले आलमारी पायजे."

"आणि बंदुका?"

"तुमच्या सात बंदुकींनं एक उंदीर मेला का आजवर?"

"उंदरांसाठी नाहीतच त्या."

"मंग कायच्यासाठी हायेत?"

तीस वर्षं बातमीच्या मेजावर काढलेला माणूस थेट प्रश्नाला घाबरत नाही. फक्त उत्तर देत नाही. माझी ही पद्धत सुशीलाला पाठ आहे.

"असं करा," ती म्हणाली. "उद्या मंडईत फुगेवाला येते. तुमच्या सातातल्या कोन्त्याबी बंदुकीनं एक फुगा फोडून दाखवा. फुटला तर आलमारी जन्मभर तुमची, मी तोंड उघडनार नाई. नाई फुटला तर बंदुका बाहेर, चटनी आत. प्रभाकर, तू साक्षी."

"हव ताई!" प्रभाकर म्हणाला. साक्षीदाराने इतकं आनंदी दिसू नये, असा संकेत आहे.

मी हसलो. एक फुगा! दहा पावलांवरचा! सात बंदुका! आकडे माझ्या बाजूने होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तर दैवही माझ्या बाजूने आलं. मंडई गच्च भरली होती. सुशीलाच्या गटाच्या दुकानाला लागूनच देवराव फुगेवाल्याची फळी होती. अचानक देवराव धापा टाकत आमच्या अंगणात आला.

"संपादकसायेब, माह्या दोन्ही बंदुकींचे स्प्रिंग तुटले जी! गिऱ्हाईक उभं हाये. तुमच्या घरी बंदुका हायेत म्हून राह्यले लोकं..."

मी प्रभाकरकडे पाहिलं. सावकाश पाहिलं. "किती हव्यात देवराव?"

"एक असली तरी चालते जी."

"सहा नेऊ," मी म्हणालो. सातवी, वडिलांची, मी मागे ठेवली. ती पूजेची. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत तिचा मान पहिला, आणि मान पहिला असलेल्या वस्तूला आपण काम सांगत नाही.

सहा बंदुका हातगाडीवर आडव्या ठेवून मी भर मंडईतून निघालो. कल्पना चुकीची नव्हती. जिल्हा चुकीचा होता. दंडारीचा ढोल थांबला. भजीवाल्याने कढईवर झाकण टाकलं. एका म्हाताऱ्याने मला हात जोडले! तेवढ्यात गर्दीतून वनिताबाई पोलीस पाटील आल्या.

"संपादक, हे काय?"

"छंद."

"इतका?"

"एक घरी आहे."

वनिताबाईंनी पावत्या मागितल्या. पावत्या अर्थातच घरी होत्या. प्रभाकर पळत जाऊन घेऊन आला. (त्या त्याला लगेच सापडल्या, कारण त्या छर्ऱ्यांच्या डब्यात होत्या. छर्रे नसल्याने डबा रिकामाच होता.) बाईंनी एकेक पावती, एकेक बंदूक, असं जुळवलं आणि म्हणाल्या, "ठीक हाये. पन नळी जमिनीकडं ठेवा, अन् चेहरा जरा साधा ठेवा."

फळीसमोर मी उभा राहिलो तेव्हा निम्मी मंडई मागे होती. सुशीला चटणीच्या दुकानातून पाहत होती, हाताची घडी घालून. फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा. मधोमध एक पिवळा, चांगला टरटरून फुगलेला. मी त्याची निवड केली.

"छर्रा," मी हात पुढे केला. शल्यविशारद हत्यार मागतो तसा.

देवरावने त्याच्या डब्यातला छर्रा दिला. मी लांबच्या नेमाची बंदूक घेतली, नळी वाकवली, छर्रा बसवला, नळी सरळ केली, खांद्याला लावली, श्वास रोखला. मंडईनेही रोखला.

टप्.

छर्रा नळीच्या पुढच्या टोकातून निघून माझ्या चपलेवर पडला. मी अजून खटका ओढलाही नव्हता!

"सुटला का जी?" मागून कोणीतरी विचारलं.

दुसरा छर्रा. टप्. हलकी बंदूक घेतली. टप्. जड घेतली. ती जड असल्याने टप् जरा जास्त ऐकू आलं, एवढाच फरक. तेव्हा मला कारण कळलं, आणि ते कळायला नको होतं. छर्ऱ्याच्या बंदुकीत दोन मापं असतात, एक बारीक नळीचं आणि एक मोठ्या नळीचं. जत्रेतले फुगेवाले बारीक वापरतात. मी जाणकार असल्याने सहाही बंदुका मोठ्या नळीच्या घेतल्या होत्या. बारीक माप पोरासोरांचं, असं माझं मत होतं. ते मी एका लेखात छापलंही होतं. त्यामुळे देवरावचा छर्रा माझ्या नळीतून असा घरंगळत होता, जसा आईच्या बांगडीतून लहान पोरीचा हात निसटतो.

"छर्रे पायजेत?" मागून आवाज आला. हा आवाज येणार हे मला माहीत होतं. फक्त तो इतका गोड असेल, असं वाटलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"आयकू नाई आलं भाऊजी. ढोल चालू हाये."

(ढोल केव्हाच बंद होता.)

"हो! छर्रे पाहिजेत!"

"म्हना मंग, जातं मोठं का धान्य मोठं?"

मी सुशीलाकडे पाहिलं. तिच्यामागे चटणीची पाकिटं रचलेली होती. ती पाकिटं माझ्या आलमारीच्या खणांत कशी बसतील, याचं माप ती मनात घेत असल्याचं मला स्पष्ट दिसत होतं.

"धान्य," मी म्हणालो. मंडईने टाळ्या वाजवल्या. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

प्रभाकर गाडीकडे गेला आणि खरोखरच एक पिशवी घेऊन आला. कापसाच्या व्यापाऱ्याची पिशवी, म्हणजे तिच्यात माणूस बसेल! आत डबेच डबे. त्याने एक डबा फोडला, तळहातावर छर्रे ओतले आणि राजाने मोहरा द्याव्यात तसे माझ्यापुढे धरले.

तेही बारीकच होते.

"तुझी बंदूक बारीक नळीची?" मी विचारलं.

"हव मंग! येकदम झकास!"

"मग तीच आण ना गाडीतून!"

प्रभाकरचा चेहरा हळूहळू बदलला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे मेव्हण्यासारखं पाहिलं.

"ते... वरोऱ्याले राह्यली."

"पोतंभर छर्रे आणलेस आणि बंदूक घरी विसरलास?"

"छर्रे भरता भरता डिकी भरून गेली ना भाऊजी!"

तर चित्र असं होतं. माझ्या हाताशी सहा बंदुका, त्याच्या हाताशी सहा गावांना पुरतील एवढे छर्रे, समोर फुग्यांची भिंत, मागे मंडई, आणि फुगा एकही फुटत नव्हता. वनिताबाई पोलीस पाटील तर आता बिनधास्त फळीजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. सार्वजनिक शांततेला आमच्यापासून कसलाही धोका उरलेला नव्हता.

हार मानायची आमच्या दोघांच्याही घराण्यात पद्धत नाही. प्रभाकरने सुचवलं, छर्ऱ्याला कागद गुंडाळू, म्हणजे नळीत घट्ट बसेल. भजीवाल्याकडून रद्दीचा तुकडा आणला. तो नेमका माझ्याच जुन्या दैनिकाचा निघाला. मी छर्ऱ्याला पाव रकाना गुंडाळला, नळीत कोंबला आणि खटका ओढला. फुस्स! छर्रा कुठे गेला देव जाणे. कागदाचा तुकडा मात्र सावकाश तरंगत गेला आणि त्या पिवळ्या फुग्याला तेलासकट चिकटला.

"काय लिवलं हाये त्याच्यावर?" सुशीलाने तिकडून विचारलं.

देवरावने वाकून वाचलं. "आजचं हवामान. आकाश निरभ्र राह्यल म्हनते."

आता हाती राहिली वडिलांची सातवी. माझ्याकडची एकुलती बारीक नळीची बंदूक! लाल फडक्यात गुंडाळून मी ती घरून आणली. गर्दीने वाट करून दिली. काय तिचा थाट होता! दस्त्यावर हळदीकुंकवाचे इतक्या वर्षांचे थर, खटक्याला पूजेचा लाल नाडा, नळीच्या तोंडाशी वाळलेल्या झेंडूची पाकळी.

"पूजेची हाये ना ते?" सुशीलाने विचारलं.

"संकटातच देव आठवतो," मी म्हणालो.

कागद चिकटलेला फुगा आता मला नको होता. नेम स्वच्छ लक्ष्यावर हवा. मी बंदूक प्रभाकरकडे दिली आणि नवा फुगा लावायला फळीकडे गेलो. देवरावला दोरा सापडेना, म्हणून सुशीला आपल्या दुकानातला घेऊन आली. आम्ही दोघं फळीच्या कडेला, ती फुगा धरून, मी गाठ मारत.

"भाऊजी, आधी कोरी मारून पाहू का? स्प्रिंग चालते का नाई तं पाहू!"

"छर्रा नाही ना आत?"

"नाई! हे पाहा!" त्याने नळी वाकवून दाखवली. वनिताबाईंनी उठून स्वतः पाहिलं. छर्रा नव्हता. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. आत छर्रा नव्हता.

नळीच्या पुढच्या टोकाशी आत काय होतं, हे मात्र कोणी पाहिलं नाही. दर दसऱ्याला मी त्या बंदुकीची पूजा करतो. हळद, कुंकू, फूल, आणि मंत्र संपताना वरून मूठभर अक्षता. बंदूक पाटावर उभी ठेवतो, नळीचं तोंड वर, कारण आडवं शस्त्र शोभत नाही. इतक्या वर्षांच्या अक्षता गेल्या कुठे, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पाट मात्र दरवर्षी स्वच्छ असायचा. मला वाटायचं, सुशीला झाडते.

प्रभाकरने खटका ओढला.

धडाम म्हणता येणार नाही. खोकला काढल्यासारखा आवाज झाला, म्हाताऱ्या माणसाचा, खोलवरून आलेला. आणि नळीतून पिवळे तांदूळ, लाल कुंकू आणि झेंडूची भुकटी यांचा एक मोठा फवारा निघाला, पंख्यासारखा पसरला, आणि फळीच्या कडेला फुगा धरून जोडीने उभ्या असलेल्या आम्हा दोघांच्या डोक्यावर, खांद्यावर, पदरावर झिरमिर पडला.

भजीवाला ओरडला, "शुभमंगल सावधान!" आणि दंडारीच्या ढोलाने ताल धरला! बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. गटातल्या एकीने तर सुशीलाच्या कपाळाला कुंकू लावलं. (लावायची गरज नव्हती. कपाळ भरलेलंच होतं.) वनिताबाई म्हणाल्या, "यावर कोन्तं कलम लागते, ते मले पाहावं लागल."

सुशीलाने केसांतले तांदूळ झटकले. तिच्या हातातला फुगा शाबूत होता. तिने तो वर धरून सगळ्यांना दाखवला, आणि मग माझ्याकडे वळली.

"झालं ना लगीन पुन्हा?"

"झालं," मी म्हणालो. नाकारण्यासारखा पुरावा उरला नव्हता.

"मंग आंदण?"

"काय?"

"ते आलमारी माह्या लग्नातच आली होती ना. माह्या बापानं दिली होती, बैलगाडीत घालून. त्या लग्नाच्या आंदणात तुमी बंदुका ठेवल्या. आता या लग्नात मी माही चटनी ठेवतो."

मी प्रभाकरकडे पाहिलं. तो साक्षीदार होता आणि आलमारी त्याच्या बापाची. निकाल बाजूने लागण्याची शक्यता मी स्वतःच वगळली.

त्या संध्याकाळी बंदुका बाहेर आल्या आणि चटणी आत गेली. पाकिटं प्रत्येक खणात अशी बसली, जणू पत्रा कापताना लोहाराने त्यांचंच माप घेतलं होतं. नागपूरची मागणी वेळेवर पोचली, एकही पाकीट कुरतडलेलं नाही. तो फुगा सुशीलाने आलमारीच्या कडीला बांधला. काही दिवसांनी तो आपोआप मावळला, सात बंदुकांना न जुमानता.

प्रभाकर जाताना एक चूक करून गेला. डिकीत बहिणीने दिलेले तांदूळ आणि चटणी बसेना, म्हणून छर्ऱ्यांची ती पिशवी आमच्याकडेच ठेवून गेला. मी तिच्याकडे रोज पाहू लागलो. एवढे छर्रे, आणि सगळे वाया! सहा बंदुकींत ते बसत नाहीत, आणि सातवीची पूजा होते. प्रभाकरचं म्हणणं मला मंडईतच पटलं होतं, सर्वांसमक्ष. बंदुकीला छर्रे हवेत. मग त्याच न्यायाने छर्ऱ्यांनाही बंदूक हवी की नको?

म्हणून मी नागपूरला जाऊन बारीक नळीची एक नवी बंदूक घेतली. आता आठ आहेत. लोक विचारतात, एका माणसाला इतक्या बंदुका कशाला? आता माझ्याकडे उत्तर आहे: छर्रे उरले होते.

अडचण एकच झाली. मी नागपूरला गेलो होतो, तेवढ्यात सुशीलाने ती पिशवी उचलून आलमारीत ठेवली. ती व्यापाऱ्याची मुलगी आहे, माल उघड्यावर राहिलेला तिला खपत नाही. चटणीशेजारी छर्रे, आलमारीला कुलूप, आणि किल्ली तिच्या कमरेला. नवी बंदूक घेऊन मी दोनदा दारात जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा तिने हातातलं काम थांबवलं नाही, मान वर केली नाही, फक्त विचारलं:

"कायले? फुगा आला का?"